दादरचं बुटांचं दुकान: साडेचार स्टार, अर्धा कापला तो दुपारच्या झोपेचा

आधीच सांगते, दुकान बाहेरून बघून परत फिरू नका. रानडे रोडवरून आत वळलं की एका गल्लीत, वर जुनी चाळ, एका बाजूला फॉल-बिडिंगवाला, समोर भाजीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या मावशा आणि मध्ये हे. आत दोन स्टुलं, एक पंखा, छतापर्यंत खोकी, आणि त्या खोक्यांच्या आडून येणारा काकांचा आवाज. एसी नाही, भिंतीवर मोठ्ठा स्क्रीन नाही, पायाचा स्कॅन करणारं मशीन तर नाहीच नाही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलेलं की इथे शाळेचे काळे बूट आणि पावसाळी चपला मिळत असतील. त्या पण मिळतात.

मी धावपटू वगैरे नाही. बँकेत काउंटरमागे बसते, प्रभादेवीला राहते, शिवाजी पार्कच्या कट्ट्याला चकरा मारता मारता धावायला लागले, दोनदा हाफ मॅरेथॉन केली आणि मग चाळिशीच्या जोशात १९ जानेवारी २०२५ च्या मुंबई मॅरेथॉनला फुल भरली, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. झाली पण. ५ तास ४१ मिनिटं. हसू नका, माझ्या मागे पण लोक होते. तर हा रिव्ह्यू त्या पाच तास एक्केचाळीस मिनिटांत माझ्या पायात जे होतं त्याचा आणि ते ज्यांनी दिलं त्यांचा आहे, आणि थोडा माझ्या तीन मैत्रिणींचा पण, कारण त्यांनी गोंधळ घातला नसता तर मी या दुकानात पोचलेच नसते.

आम्ही चौघी कॉलेजपासूनच्या. नावं नाही लिहीत, मारतील मला, गावावरूनच ओळखा: डोंबिवलीवाली, पार्लेवाली, गिरगाववाली आणि मी. तिघींपैकी एकीलाही धावण्याशी देणंघेणं नाही. पार्लेवाली तर सरकता जिना बंद असेल तर दुसरा ब्रिज शोधत जाते. पण ऑगस्टमध्ये माझा चाळिसावा वाढदिवस आला आणि तिघींनी काँट्रिब्यूशन काढून मला रनिंगचे बूट गिफ्ट दिले, सेलमध्ये ऑनलाइन मागवलेले, ४,२०० रुपयांचे, गुलाबी. सरप्राइज द्यायचं म्हणून मला विचारणार कसं, तर पार्लेवालीने माझ्या घरी येऊन गुपचूप माझ्या ऑफिसच्या सँडलचा नंबर बघितला. पाच. मागवले पाच. सँडल बोटांपाशी उघडी असते हे तिच्या डोक्यात नाही आलं, आणि खरं सांगायचं तर माझ्या पण नाही.

मी ते बूट महिनाभर खोक्यातच ठेवले कारण पावसात नवीन बूट कोण काढतं, आणि गणपती होऊन गेल्यावर घातले तेव्हा परत करायची मुदत कधीच उलटून गेलेली. पहिल्या आठवड्यात थोडे टाइट वाटले, म्हटलं सैल होतील. १६ किलोमीटर धावून आले त्या रविवारी उजव्या अंगठ्याचं नख जांभळं, दोन दिवसांनी काळं. नख असं काळं होतं म्हणजे खाली रक्त साकळलेलं असतं, प्रत्येक पावलाला अंगठा बुटाच्या नाकाला जाऊन धडकतो, एका किलोमीटरला हजारभर पावलं टाकतो आपण, करा गुणाकार. मी फोटो ग्रुपवर टाकला आणि पार्लेवालीने रडणारे इमोजी टाकले, मग फोन करून खरंच रडली. तिला शांत करता करता मला माझं नख विसरायला झालं.

या दुकानाचा पत्ता गिरगाववालीने काढला, तिच्या भावाला कुणीतरी सांगितलेलं. शनिवारी सकाळी साडेअकराला आम्ही चौघी दारात उभ्या. पितृपक्ष चालू होता. सासूबाईंनी घरून निघताना नाक मुरडलेलंच की या पंधरवड्यात नवीन बूट कशाला. पण काका म्हणाले, "बरं झालं आत्ता आलात, या दिवसांत गिऱ्हाईक नसतं, निवांत बघता येईल." मला वाटलं बसवतील, बूट काढतील. ते म्हणाले, "संध्याकाळी या."

म्हणजे? आम्ही डोंबिवलीवरून आलोय, डोंबिवलीवाली म्हणाली (आम्ही म्हणजे ती एकटीच). काकांनी शांतपणे समजावलं की ताई, पाय सकाळी एक असतो आणि संध्याकाळी एक, दिवसभर उभं राहून सुजतो थोडा, धावताना तर अजून फुगतो, आत्ता बरोबर बसलेला बूट तुम्हाला वीस किलोमीटरनंतर चावणार. पाच नंतर या आणि जे मोजे घालून धावता ते घेऊन या. विकायला बसलेला माणूस गिऱ्हाइकाला परत पाठवतो हे मी दादरमध्ये पहिल्यांदा बघितलं. आणि वर म्हणे दीड ते साडेचार दुकान बंद असतं. अहो काका, दादर आहे हे, पुणे नाही. अर्धा स्टार इथेच गेला.

तो दिवस कसा काढला विचारू नका. प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियूष, मग साड्यांची दुकानं, मग पाय दुखतात म्हणून शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून राहिलो. पण संध्याकाळी माझे पाय काकांना हवे तेवढे सुजलेले होते हे नक्की.

आता मुख्य भाग. काकांनी नंबर विचारलाच नाही. एक लाकडी पट्टी काढली, आमच्या लहानपणी बाटाच्या दुकानात असायची तसली, आणि उभं राहून दोन्ही पाय मोजले, बसून नाही, कारण वजन पडलं की पाय पसरतो. उजवा डाव्यापेक्षा मोठा निघाला, निम्म्या नंबरचा फरक. "मोठ्या पायाला बूट घ्यायचा, लहान पायाला लेस आवळायची." मग जुने गुलाबी बूट मागितले, उलटे करून तळ बघितला, आतला सोल बाहेर काढला आणि मला दाखवला, बोटांचे ठसे सोलच्या अगदी काठावर उमटलेले. पुढे एक अंगठा आडवा बसेल एवढी जागा पाहिजे म्हणाले. मला पाच नाही, सहा नंबर लागतो. वीस वर्षं मी पाच घालतेय. लग्नातल्या चपला पण पाच होत्या, तेव्हाच का दुखत होतं ते आत्ता कळलं.

बायकांच्या पायाचं एक असतं, टाच अरुंद आणि पुढचा पंजा रुंद, त्यामुळे पुरुषांचा छोटा नंबर घातला की पंजा बसतो पण टाच आत खाली-वर होते. हे मला माहीत नव्हतं. काकांनी बायकांच्या मापाचे तीन जोड काढले, तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे, आणि प्रत्येक घालून मला गल्लीत पळायला लावलं. हो, गल्लीत. ट्रेडमिल नाही म्हटलं ना. फॉल-बिडिंगवाल्यापासून निघायचं, कोपऱ्यावरच्या गजरेवालीला वळसा घालायचा आणि परत. शनिवार संध्याकाळ, दादर, तुम्हीच कल्पना करा. डोंबिवलीवाली पुढे होऊन लोकांना बाजूला करत होती, "ओ दादा जरा सरका, ट्रायल चालू आहे," पार्लेवाली मागून व्हिडिओ काढत होती, आणि भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "पळ गं बाई, घरी जायला उशीर झाला का?" काका दारात हाताची घडी घालून फक्त माझ्या घोट्यांकडे बघत होते. तिसरा जोड घालून आले तर म्हणाले, "हे."

मी म्हटलं काका, ते वरचे दाखवा ना, ते कार्बन प्लेटवाले, सगळे तेच घालतात. किंमत चौदा हजाराच्या वर. मैत्रिणी पण तयार, पार्लेवालीचं गिल्ट एवढं की ती कर्ज काढायला निघालेली. काकांनी खोकं काढलं, हातात दिलं, बूट अगदी पिसासारखा हलका, आणि म्हणाले बघून घ्या आणि परत द्या. कारण सांगितलं ते असं की त्याच्या सोलमध्ये कडक पट्टी असते, वेगात धावणाऱ्याला ती पुढे ढकलते, तुमच्या वेगाला त्याचा फायदा किती होईल सांगता येत नाही पण पोटऱ्यांवर ताण येईल, आणि तो मऊ फोम लवकर बसतो, रोजच्या सरावाला परवडणारा नाही. "रोज भात खायचा असेल तर चांदीचं ताट कशाला?" शेवटी घेतला तो साधा रोजच्या सरावाचा जोड, ८,९९९ लिहिलेला, आम्हाला ७,६०० ला दिला. तिघींनी परत काँट्रिब्यूशन काढलं, मी नको नको म्हणाले, थोडंच म्हणाले.

आणि लेस. यासाठी वेगळा परिच्छेद. रनिंगच्या बुटाला घोट्यापाशी सगळ्यात वर एक जास्तीचं भोक असतं बघा, ज्यात आपण कधीच लेस ओवत नाही, मला वाटायचं डिझाइन असेल. काकांनी त्या भोकात दोन्ही बाजूंनी लेसचं छोटं कडं केलं आणि समोरच्या बाजूची लेस त्या कड्यातून ओढून मग गाठ मारली. टाच जागेवर पक्की. उतारावर पाय पुढे घसरत नाही, अंगठा धडकत नाही. पाच मिनिटं लागली शिकायला. बूट विकून झाल्यावर, पैसे घेऊन झाल्यावर, दुसरं गिऱ्हाईक दारात उभं असताना त्यांनी मला तीनदा बांधायला लावलं, आणि पार्लेवालीला पण. तिने कशाला असं तेव्हा वाटलेलं.

नंतर रेसच्या आधी माझं या दुकानाशी तीनदा काम पडलं, ते पण लिहायला पाहिजे कारण एकदा विकलं की ओळख न देणारी दुकानं आपण सगळ्यांनी बघितलीत.

एकदा ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात बूट आतपर्यंत भिजले, मी ड्रायरने वाळवणार होते, फोन केला तर ओरडले. आतला सोल काढा, वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोन तासांनी बदला, पंख्याखाली ठेवा, ऊन नको आणि वॉशिंग मशीन तर अजिबात नको कारण सोल चिकटवलेला असतो तो उष्णतेने सुटतो. आमच्याकडे पेपर बंद केलाय, सासूबाईंनी खालच्या मजल्यावरून रद्दी मागून आणली.

दुसऱ्यांदा मोज्यांसाठी. मी सुती मोजे घालत होते, लहानपणापासून ऐकलेलं की सुती चांगलं, घाम शोषतं. शोषतं हो, पण धरून ठेवतं, आणि मुंबईचा घाम म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको, ओला मोजा चामडीवर घासत राहतो आणि फोड येतात. त्यांनी सिंथेटिक मोजे दिले, ४५० ला एक जोडी. महाग आहे. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय, इथे पण सांगते. दोन जोड्या घेतल्या आणि तेव्हापासून फोड नाही हे पण खरं.

तिसऱ्यांदा नाताळच्या सुमारास. तोपर्यंत त्या बुटात माझे साधारण ४२० किलोमीटर झालेले, ३२ चा सगळ्यात लांब सराव पण होऊन गेलेला, आणि ऑफिसमधल्या एकाने डोक्यात भरवलं की रेसला नवीन बूट पाहिजेत. गेले. मनाची तयारी होती, पैसे पण होते. काकांनी बूट हातात घेतला, मधोमध वाकवला, तळ बघितला, अंगठ्याने फोम दाबला आणि परत दिला. "अजून शंभर-दीडशे किलोमीटर आरामात. रेसच्या दिवशी नवीन काही घालायचं नाही. बूट नाही, मोजे नाही, ब्लाऊज पण नाही." (ब्लाऊज म्हणाले ते, टी-शर्ट म्हणायचं असेल.) आठ-नऊ हजारांची विक्री सोडून माणसाने मला साठ रुपयांची लेसची जोडी विकली, जुनी झिजलेली म्हणून.

आता रेस. बुटांचा रिव्ह्यू रेसशिवाय पुरा होत नाही, शोरूममध्ये सगळेच बूट छान असतात.

मैत्रिणींनी काय केलं ते वाचा, ज्यांच्या घरातलं कुणी धावणार असेल त्यांच्या उपयोगाचं आहे. मॅरेथॉनच्या दिवशी रस्ते बंद असतात, गाडी-स्कूटर घेऊन मागे मागे फिरायचं स्वप्न बघू नका. पण आमच्या वर्षी फुलचा रूट सीएसएमटीवरून निघून मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली, वरळी, सी लिंकवरून वांद्रे आणि मग माहीम, शिवाजी पार्क, प्रभादेवी, परत वरळी, हाजी अली, पेडर रोड असा होता आणि शेवटी परत सीएसएमटी. म्हणजे काय, जवळजवळ पूर्ण रूट पश्चिम रेल्वेला समांतर! हे डोंबिवलीवालीच्या लक्षात आलं, तिचं अर्धं आयुष्य लोकलमध्ये गेलंय. चर्नी रोडला उतरलं की चौपाटी, माहीमला उतरलं की माहीम, मग तीन स्टेशनं पुढे प्रभादेवी, आणि महालक्ष्मीला उतरून थोडं चाललं की हाजी अली. त्या दिवशी पहाटे रेल्वे खास लोकल सोडते, ती त्याच लोकलने आली, म्हणाली डब्यात सगळे बिब (छातीवरचा नंबरचा कागद) लावलेले आणि केळी खाणारे लोक, मी एकटीच डबा-थर्मास घेऊन, लोक मला कोच समजत होते.

पहाटे पाचच्या सुमारास सुटलो. अंधार, गारवा, जेवढा मुंबईत जानेवारीत मिळतो तेवढा. चौपाटीला गिरगाववाली तिच्या वडिलांना घेऊन उभी, वडील वय ७४, हातात स्टीलचं ताट आणि चमचा, वाजवतायत. सूर्य उगवला तेव्हा मी सी लिंकवर होते. तिथे एरवी पायी जायची परवानगीच नाही त्यामुळे तो पूल पायाखालून जातो ही गोष्टच वेगळी, पण बघायला कुणी उभं राहू शकत नाही त्यामुळे फार एकटं पण वाटतं, फक्त वारा आणि शेकडो बुटांचा चप चप आवाज. बूट तोपर्यंत? आठवण पण झाली नाही बुटांची. याच्याहून मोठी तारीफ नाही बुटाची.

माहीमला डोंबिवलीवालीने चिक्की भरवली. प्रभादेवीला आमच्या बिल्डिंगचा गेट. हे फार कठीण आहे हो, २५-२६ किलोमीटर झालेत, तुमचं स्वतःचं घर समोर आहे, वर गॅलरीत तुमचा टॉवेल वाळत घातलेला दिसतोय, आणि तुम्हाला पुढे वरळीकडे जायचंय. सासूबाई लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घेऊन उभ्या होत्या. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं हे त्यांना मी आठवडाभर सांगत होते, त्यामुळे त्यांनी मीठ इतकं घातलेलं की लोणचं घालता आलं असतं. नवऱ्याने कोरडे मोजे दिले, कारण मी मूर्खासारखी दोनदा डोक्यावर पाणी ओतून घेतलेलं आणि ते सगळं बुटात उतरलेलं. घराच्या पायरीवर बसून मोजे बदलले. सासूबाई हळूच म्हणाल्या, "येतेस का वर, पोहे केलेत." मी उत्तर दिलं नाही, उत्तर दिलं असतं तर गेलेच असते.

तीस किलोमीटरनंतर जे होतं त्याला रनर लोक वॉल म्हणतात, अंगातला साठवलेला ग्लायकोजन (म्हणजे साखरेचा साठा) संपत येतो आणि पाय तुमचं ऐकेनासे होतात. माझी वॉल हाजी अलीला लागली. आणि त्यात पायांचे पंजे सुजून बूट आवळायला लागलेले. काकांनी सांगितलेलं होतं की तीसच्या पुढे पंजावरची लेस सैल करा, वरची घोट्यापाशीची गाठ तशीच ठेवा, म्हणजे बोटांना जागा मिळेल पण पाय पुढे सरकणार नाही. मला ते आठवत होतं. मला फक्त वाकता येत नव्हतं. वाकले असते तर तिथेच राहिले असते.

पार्लेवाली तिथे उभी होती, सकाळपासून, महालक्ष्मीवरून चालत आलेली, हातात संत्र्याच्या फोडी. मी नुसतं "लेस" म्हटलं. ती रस्त्यावर सरळ गुडघे टेकून बसली, संत्री बाजूला टाकली, माझा उजवा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि खालच्या तीन भोकांमधली लेस बोटाने एकेक ओढून सैल केली, वरचं कडं जसंच्या तसं ठेवून, अगदी त्या दिवशी काकांनी करून घेतलेलं तसं. मग डावा. मी तिच्या डोक्यावर हात टेकून उभी होते. ती मान वर न करता म्हणाली, "सहा नंबर आहे ना गं नक्की?" मी हसले आणि हसल्यामुळे पोटात पेटका आला.

पुढे पेडर रोडचा चढ. तो जाताना पण चढलेलो पण तेव्हा अंधार होता, पाय ताजे होते, परतीला तोच रस्ता दुप्पट उंच होऊन बसलेला असतो. चालले, लाज नाही. पेडर रोडवरचे लोक घरचे पाहुणे आल्यासारखे बाहेर येऊन बिस्किटं, मीठ लावलेली संत्री, बर्फ, स्प्रे असं काय काय घेऊन उभे असतात, एका आजोबांनी मला गूळ दिला आणि "हळू उतर गं पुढे" म्हणाले. उतारावर खरी परीक्षा, इथेच अंगठा नाकाला धडकतो. नाही धडकला. उतार संपला, मरीन ड्राइव्ह आलं, ऊन डोक्यावर, आणि शेवटचे तीन किलोमीटर मी फक्त पुढच्या बाईच्या पिवळ्या टोपीकडे बघत काढले. त्यातलं मला फार काही आठवत नाही त्यामुळे लिहीत पण नाही.

घरी येऊन मोजे काढले. दहाच्या दहा नखं जागेवर, नवीन काळं एक पण नाही. मेडलचा फोटो नंतर टाकला, पायाचा आधी. ग्रुपवर पार्लेवालीने परत रडणारे इमोजी.

पुढच्या शनिवारी पेढे घेऊन दुकानात गेले, मेडल पण नेलं होतं पिशवीत, दाखवायला. काकांनी पेढा तोंडात टाकला, मेडलकडे एक नजर टाकून "छान" म्हणाले आणि विचारलं बूट आणलेत का. आणलेले. उलटे केले. "डावी टाच बाहेरून जास्त घासलीय. शेवटी शेवटी डावीकडे कलत होतात." बरोबर होतं, पेटका डावीकडेच आलेला. मग म्हणाले आता हे चालायला वापरा, नवीन घ्यायची घाई करू नका, एक महिना पायांना सुट्टी द्या. माझ्याबरोबर पार्लेवाली होती. तिच्याकडे बघून म्हणाले, "आणि यांचं काय?" ती म्हणाली मी नाही हं, मी फक्त लेस बांधते. तरी पण तिचे पाय त्या लाकडी पट्टीवर उभे करून मोजलेच. तिला पण नंबर चुकीचा सांगत आलेत सगळे.

तक्रारी एकदा नीट लिहिते म्हणजे नंतर कुणी मला बोलायला नको. दुपारी बंद, ते झालंच. सोमवारी पूर्ण बंद. बायकांचे मोठे नंबर, सातच्या वरचे, कमी असतात, आधी फोन करून विचारा, मागवून देतात पण आठवडा लागतो. रंग निवडायला मिळणार नाही, तुमच्या मापाला जो असेल तो, माझा राखाडी आहे आणि त्याला नारिंगी पट्टी आहे जी मला अजून आवडत नाही. बसायला दोनच स्टुलं त्यामुळे सोबत चौघी गेलात तर दोघी बाहेर मावशींच्या टोपल्यांपाशी उभ्या. लहान मुलं नेऊ नका, खोकी पडतात. गाडी तर नेऊच नका, स्टेशनवरून चालत दहा मिनिटं. काकांचा स्वभाव तिरसट वाटेल, तुम्ही आत शिरल्या शिरल्या कंपनीचं नाव सांगून बूट मागितलात तर उत्तर पण देत नाहीत.

आणि सुट्टे पैसे न्या. यूपीआय आहे पण त्यांचा मुलगा दुकानात असेल तेव्हाच चालतं, लेसची जोडी साठ रुपयांना आहे आणि शंभरची नोट दिली की चाळीस परत द्यायला काकांकडे कधीच नसतात, माझे अजून बाकी आहेत.